बाजीरावाची सॅलरी स्लिप

आमच्या सोसायटीच्या फाटकापाशी इस्त्रीवाला बसतो. जौनपूरहून पुण्यात आला त्याला 22 वर्षं झाली. सोसायटीत 84 फ्लॅट. निम्म्या घरांच्या पैठण्या, उरलेल्यांचे सफारी आणि सेक्रेटरींचा त्यांना आता न होणारा लग्नातला सूट, हे सगळं त्याच्याकडे रात्र-रात्र पडून असतं. आजवर एक रुमाल गहाळ झालेला नाही. खिशात राहिलेली पाचशेची नोट दोनदा परत आली आहे. त्यातली एक माझी.

मागच्या पंधरवड्यात तो वर आला तेव्हा हातात कपडे नव्हते, कागद होता.

"काका, एक सही पाहिजे होती."

मुलीला पॉलिटेक्निकला प्रवेश मिळालाय, फी आणि इतर मिळून 40,000 कमी पडतायत. कर्ज काढायला गेला तर सांगितलं, दोन जामीनदार आणा. पगारदार किंवा पेन्शनर. पेन्शनर हा शब्द वाचला आणि माझा गुडघा एकदम दुखायला लागला. मी म्हटलं, "विचार करून सांगतो." पुण्यात या वाक्याचा अर्थ काय होतो, ते 22 वर्षांत त्यालाही कळलेलं आहे. तो हसला आणि जिना उतरला.

आता माझी बाजू मांडतो. पैठणी गेली तर बायको बोलेल, फार तर चार दिवस. कर्ज थकलं तर नोटीस येईल, नाव बोर्डावर लागेल, आणि आमच्या जिन्यात ती नोटीस माझ्याआधी तीन जण वाचतील. तेव्हा विश्वास वेगळा आणि सही वेगळी. विश्वास ठेवायला आमची 84 घरं तयार आहेत, सही करायला एकही नाही.

बरं, जामीनदार सोडा. त्याच्याकडे मागितलेल्या बाकीच्या कागदांची यादी मी बघितली. तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं. शॉप अ‍ॅक्ट. वीजबिल. वर्षभराचं खात्याचं स्टेटमेंट. स्वतःच्या नावचा राहण्याचा पुरावा. याच्या आधारवर पत्ता जौनपूरचा, भाडेकरार 11 महिन्यांचा आणि तोही मालकाच्या मेहुण्याच्या नावाशी गुंतलेला, वीज शेजारच्या टपरीतून ओढलेली, आणि उत्पन्न दहा-दहाच्या नोटांत किंवा बायकोच्या फोनवर. माणूस रोज बारा तास उभा राहून कमावतो, आणि कागदावर मात्र तो बेकार असतो. सिबिलवर त्याचा गुणांक वाईट नाही, गुणांकच नाही. ज्यानं जन्मात कर्ज घेतलं नाही त्याला कर्ज द्यायचं कसं, असा हा पेच आहे. परीक्षेला बसलेला नाही म्हणून शाळेत घेत नाहीत, आणि शाळेत नाही म्हणून परीक्षेला बसू देत नाहीत.

हे नियम तीनशे वर्षांपूर्वी असते तर काय झालं असतं, असं मनात आलं. पुण्यातला परगावाहून आलेला सगळ्यात प्रसिद्ध कर्जदार म्हणजे पहिला बाजीराव. घराणं कोकणातलं, श्रीवर्धनचं भट घराणं. उत्पन्न अनियमित, मोहिमेवर अवलंबून. पगारदार जामीनदार नाहीत. 1730 मध्ये शनिवारवाड्याचा पाया घातला, दोन वर्षांत वाडा उभा राहिला, खर्च 16,110 रुपये. मोहिमांचा खर्च तर सगळा उधारीवर. आणि त्याला कर्ज देणाऱ्यांत सगळ्यात ठळक नाव कुठल्या पेढीचं नाही, धावडशीच्या ब्रह्मेंद्रस्वामींचं आहे. स्वामी संन्यासी, पण हिशेबाला पक्के. वसुलीची पत्रं शाहू छत्रपतींच्या पेशव्यालाही येत. सावकारांच्या पायांवर डोकं ठेवून कपाळाची सालं गेली, अशा अर्थाची तक्रार बाजीरावानं स्वामींकडेच केलेली आहे. म्हणजे तोच धनको आणि तोच गाऱ्हाणं ऐकणारा. ओळखीतून दिलेल्या कर्जाची ही जुनी खोड आहे, ती आजच्या पतसंस्थेतही दिसते.

मुद्दा असा की बाजीरावाला सॅलरी स्लिप मागितली असती तर आज शनिवारवाड्याच्या जागी पार्किंग असतं. (तसंही बाहेर आहेच.)

सही मिळाली नाही की माणूस कुठे जातो, हे सांगायला समाजशास्त्रज्ञ नको. दहा टक्क्यांनी पैसे मिळतात. वाचक मध्यमवर्गीय असेल तर त्याला वाटेल, दहा टक्के म्हणजे गृहकर्जाच्या आसपासच की! हे दहा टक्के महिन्याचे. 40,000 वर महिन्याला 4,000 व्याज. दहा महिन्यांत मुद्दलाएवढं व्याज भरून होतं आणि मुद्दल जागचं हलत नाही. त्यातून पहिल्या महिन्याचं व्याज आधीच कापून हातात 36,000. भाजीबाजारातला हिशेब आणखी सुटसुटीत. सकाळी 900 घ्यायचे, संध्याकाळी 1,000 द्यायचे. टक्केवारी काढायची गरज नाही, काढली तर जेवण जात नाही.

कायदा आहे. महाराष्ट्राचा सावकारी नियमनाचा 2014 चा. परवानाधारक सावकारानं शेतकरी नसलेल्या माणसाला विनातारण कर्ज दिलं तर वर्षाला 18 टक्के, तारण घेऊन दिलं तर 15 टक्के, त्याच्यावर नाही. परवाना नसताना सावकारी केली तर पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तक्रार सहकार खात्याच्या निबंधकाकडे किंवा पोलिसांत करायची. पण दहा टक्केवाला रात्री साडेअकराला पैसे आणून देतो आणि निबंधकाचं ऑफिस सव्वासहाला बंद होतं.

याच जिल्ह्यात, आता बारामती तालुक्यात असलेल्या सुप्यात, 12 मे 1875 च्या आठवडी बाजारात लोकांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे पेटवले होते. इंग्रजांनी आयोग नेमला, 1879 मध्ये शेतकऱ्यांसाठी कायदा केला, 1904 मध्ये सहकारी पतसंस्थांचा कायदा आला आणि 1906 मध्ये पुण्यात कॉसमॉस निघाली. सहकाराची सुरुवात अशी वह्यांच्या राखेतून झाली. गरिबाला सावकाराच्या दारात जावं लागू नये म्हणून निघालेल्या या चळवळीच्या एखाद्या शाखेत आज गरीब गेला, तर तिथला साहेब त्याला काय विचारतो? पगारदार जामीनदार आहेत का.

सगळेच तसे नाहीत, हेही लिहायला हवं, नाहीतर पत्रं येतील. 1972 च्या दुष्काळात मराठवाड्यातून पुण्यात आलेल्या बायकांपैकी अनेक जणी कचरा वेचायला लागल्या. यांना कोण जामीन राहणार? 1993 मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, बाबा आढावांच्या पुढाकारानं आणि एसएनडीटीच्या कार्यकर्त्यांच्या साथीनं. आधी महापालिकेची मान्यता असलेलं ओळखपत्र मिळवलं, मग स्वतःची पतसंस्था काढली. क्रम लक्षात घ्या. आधी ओळख, मग पत. सभासद बाईनं आधी थोडं थोडं साठवायचं, त्या बचतीच्या आधारावर कर्ज घ्यायचं. कचऱ्याच्या ढिगातून कुठली बाटली किलोला किती देते हे ज्यांना तोंडपाठ आहे, त्यांना व्याजाचा हिशेब शिकवावा लागत नाही.

त्याच 1993 मध्ये मेधा पुरव सामंत बँकेतली अधिकाऱ्याची नोकरी सोडून पुण्याच्या वस्त्यांत भाजीवाल्या बायकांना कर्ज द्यायला लागल्या. अन्नपूर्णा परिवार तो. आई प्रेमाताई पुरव यांनी 1975 मध्ये मुंबईत गिरणी कामगारांचे डबे करणाऱ्या खानावळवाल्यांना एकत्र आणलं होतं, तेव्हा घरात हा विषय नवा नव्हता. इथे तारण म्हणजे शेजारीण. गटातल्या बायका एकमेकींच्या जामीन. कुणाचा नवरा पितो, कुणाचा मुलगा कमावता झाला, कोण हप्त्याच्या दिवशी माहेरी जाते, हे सगळं गटाला माहीत असतं. सिबिलला यातलं काही कळत नाही.

साताऱ्याकडच्या म्हसवडची गोष्ट तर प्रत्येक शाखेत फ्रेम करून लावावी. चेतना सिन्हा यांनी बायकांची बँक काढायला परवाना मागितला तर रिझर्व्ह बँकेनं नाकारला, कारण प्रवर्तक बायकांचे अंगठे होते, सह्या नव्हत्या. बायका लिहायला शिकल्या, पुन्हा मुंबईला गेल्या आणि अधिकाऱ्यांना म्हणाल्या, कुठल्याही रकमेचं व्याज सांगा, आम्ही तोंडी काढतो, तुमच्या साहेबांनाही कॅल्क्युलेटर बाजूला ठेवून काढू द्या. 1997 मध्ये माणदेशी महिला बँक सुरू झाली. साहेबांनी त्या दिवशी कॅल्क्युलेटर खाली ठेवला होता की नाही, इतिहास त्याबद्दल गप्प आहे.

सरकारही गप्प बसलेलं नाही. 2020 मध्ये पीएम स्वनिधी आली. पथारीवाल्यांना विनातारण 10,000, वेळेवर फेडले की 20,000, मग 50,000. व्याजात सात टक्क्यांची सूट. 2025 मध्ये मुदत 31 मार्च 2030 पर्यंत वाढवली आणि पहिला हप्ता 15,000 चा, दुसरा 25,000 चा केला. कपडे धुणारे, इस्त्री करणारेही यात बसतात. महापालिकेचं प्रमाणपत्र किंवा शिफारसपत्र लागतं. योजना चांगली आहे, मी टोमणा मारत नाहीये. पण हे खेळतं भांडवल. कोळसा घ्या, टेबल घ्या, गॅसची इस्त्री घ्या. मुलीची फी हे भांडवल नव्हे. गरिबानं कर्ज घ्यावं ते फक्त धंद्यासाठी, असं आपल्याकडे ठरलेलं आहे. आजारपण, लग्न, फी, गावाकडचं गळकं छप्पर ही पगारदारांची चैन आहे. आम्ही मात्र गोव्याला जायलाही पर्सनल लोन काढतो, आणि तेही फोनवर, लोळत.

राहता राहिली भिशी. 20 जण, महिन्याला 2,000, दर महिन्याला एकाच्या हातात 40,000. चिठ्ठी निघाली की नशीब, लिलावाची असेल तर गरजू जास्त सोडतो आणि बाकीचे वाटून खातात. ना फॉर्म, ना जामीनदार. पुण्यात किती घरांचे फ्रिज, शिलाई मशीन आणि मंगळसूत्रं भिशीवर आली, त्याची गणती नाही. आणि भिशीवाला पळाला ही बातमीही पुण्याला नवी नाही. 1982 चा चिट फंडाचा कायदा नोंदणी मागतो, आपल्या भिशीची नोंद असते एका शंभर पानी वहीत, आणि पळणारा ती वहीच घेऊन पळतो.

पण कागदोपत्री पळणारेही असतातच. नोंदणी, बोर्ड, काचेचं दार, काउंटरमागे लक्ष्मीचा फोटो यावर भुलू नये. रुपी बँक 1912 ची, पुण्याची, नावातच रुपया. 2013 पासून निर्बंध आणि 2022 मध्ये परवानाच रद्द. ठेवीदारांना पाच लाखांपर्यंतच्या विम्याचा आधार तरी होता, कारण ती बँक होती. पतसंस्थेतल्या ठेवीला तो विमा नाही. पिग्मीवाला रोज संध्याकाळी 50 रुपये गोळा करायला येतो तो बँकेचा की पतसंस्थेचा, हे त्याच्या टोपीवरून कळत नाही. पावतीवर वाचावं लागतं.

कर्ज घेणाऱ्यानंही एक प्रश्न विचारावा. दर महिन्याचा की वर्षाचा, आणि वर्षाचा असेल तर सरळ की घटत्या शिलकीवर? 40,000 वर वर्षाला 12 टक्के सरळ व्याज म्हणजे 4,800, बारा हप्ते प्रत्येकी 3,733 चे. ऐकायला गोड. पण मुद्दल दर महिन्याला कमी होत असताना व्याज पूर्ण रकमेवर लावलंय, त्यामुळे खरा दर पडतो साधारण साडेएकवीस टक्के. 1 ऑक्टोबर 2024 पासून बँका आणि वित्त कंपन्यांनी सगळा खर्च धरून वर्षाचा खरा दर किती पडतो, त्याचा स्वतंत्र कागद कर्जदाराच्या हातात द्यायचा आहे. मागा. सूक्ष्मकर्ज असेल तर वसुलीवाल्यानं सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर फोन करायचा नाही, तारण मागायचं नाही, आणि लवकर फेडलं म्हणून दंड लावायचा नाही. हे 2022 पासूनचे नियम आहेत. फोनवरच्या अ‍ॅपवाल्यांचं म्हणाल, तर जो कर्ज देण्याआधी तुमच्या फोनमधले सगळे नंबर मागतो, त्याला जामीनदार नको असतात, ओलीस हवे असतात.

इस्त्रीवाल्याचं काय झालं, ते राहिलं. परवा खाली गेलो तर तो नेहमीसारखा कॉलर दाबत होता. मी गुडघ्याबद्दल काहीतरी पुटपुटलो. तो म्हणाला, "काम झालं काका. बायकोच्या नावावर मिळालं, गटातून. पाच जणींनी सही केली." फी भरली, मुलगी कॉलेजात जायला लागली, हप्ता दर महिन्याच्या पाच तारखेला.

सह्या करणाऱ्या पाच जणींपैकी एक आमच्याकडे नऊ वर्षं भांडी घासणाऱ्या मावशी. त्यांना पगार मी देतो. सॅलरी स्लिप देत नाही.