भियासाहेबांची पाणसळ

चाकणच्या कारखान्यांत बदलीवर माणसं येतात ती मानेसरहून, होसूरहून, जमशेदपूरहून. आमचे भियासाहेब आले पीथमपूरहून. पिढ्यान्‌पिढ्या इंदूरचं मराठी घर, हुद्दा व्हेंडर क्वालिटीचा. म्हणजे दुसऱ्याच्या मालात खोट काढण्याचा यांना पगार मिळतो. आठवडाभर पार्ट रिजेक्ट करायचे आणि रविवारी फ्लॅट, असा यांचा शिरस्ता.

जिरावण भुरभुरलेले पोहे खाऊन स्वारी निघते. पिशवीत टेप, पाणसळ, एक रुपया आणि एक गोटी. सेल्सची मुलगी "सर, कॉफी?" विचारेपर्यंत हे सँपल फ्लॅटच्या बाथरूममध्ये ओणवे झालेले असतात. गोटी जाळीकडे गेली नाही, की "उतार नाही, रिजेक्ट!" रुपया टाइलवर वाजवून, "भिया, ही पोकळ बोलतेय." मुलगी धीर करून म्हणते, "मोशीतून चाकण फक्त पंधरा मिनिटं, सर." हे थंडपणे विचारतात, "कुठल्या शिफ्टला?"

अभ्यास मात्र दांडगा. महारेराच्या साइटवर जाऊन बिल्डरनं ताब्याची तारीख कितीदा पुढे ढकलली ते पाहून ठेवतात. सुपर बिल्टअपचा आकडा ऐकूनच घेत नाहीत, "कार्पेट बोला." तळवडे-रुपीनगरकडे कुणी स्वस्तात गुंठा दाखवला, की पहिला प्रश्न देहूरोडच्या दारूगोळा डेपोच्या रेड झोनचा. "पुढे सगळं रेग्युलर होणार आहे, साहेब," एजंट सांगतो. "मग मीही पुढेच येतो." पिंपरी-चिंचवडला 2019 पासून दिवसाआड पाणी येतं, हे इथल्या जुन्या माणसांच्या अंगवळणी पडलंय; भियासाहेब मात्र प्रत्येक सोसायटीच्या वॉचमनला गाठून महिन्याचे टँकर विचारतात.

भाड्याच्या घराचीही तीच तऱ्हा. तिकडे अकरा महिन्यांचा करार स्टॅम्पपेपरवर सह्या करून उरकायचा. इथं 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्यानं तोही नोंदवावा लागतो. एजंट अंगठ्याचं मशीन घेऊन घरी आला, तेव्हा यांनी आधी मशीनच उलटंसुलटं करून पाहिलं.

एवढं कळूनही घर काही होईना. कारण पिशवीत नसलेलं एक माप ते डोक्यात घेऊन हिंडत. रावेतचा भाव ऐकला, की "इतक्यात इंदूरला दुमजली बंगला येतो." पुनावळेत कचरा दिसला, की "आमचं शहर 2017 पासून स्वच्छतेत पहिलं." वाकडमध्ये रात्री अकराला शटरं ओढलेली पाहून, "आमच्या सराफ्यात आत्ता कुठे गरम जिलबी निघत असेल." शेवटी एक एजंट वैतागून म्हणाला, "साहेब, मग इंदूरलाच घ्या की. रोज अपडाऊन करा!"

दरम्यान भियासाहेबांच्या तपासणीच्या याद्या ऑफिसात फिरू लागल्या. मानेसरवाल्यानं त्यावरून चिखलीत घर घेतलं, होसूरवाल्यानं आकुर्डीत. दोन्ही वास्तुशांतींना हे पाणसळ घेऊन हजर.

अखेर वहिनींनीच सूत्रं हाती घेतली. एका बुधवारी, हे सप्लायरकडे ऑडिटला गेलेले असताना, चिंचवडच्या एका जुन्या सोसायटीतल्या रिसेल फ्लॅटचं टोकन देऊन मोकळ्या झाल्या. तपासणी दोनच गोष्टींची: नळ सोडून पाहिला आणि शेजारणीशी अर्धा तास बोलल्या.

भियासाहेब संध्याकाळी गोटी घेऊन धावले. उतार उलटा निघाला. "रिजेक्ट!" म्हणायला तोंड उघडलं, तोच वहिनी म्हणाल्या, "घर माझ्या एकटीच्या नावावर होणार आहे. तुम्ही फक्त राहायला येताय."

हल्ली चाकणला कुणी नवा बदलीवाला आला, की भियासाहेब त्याला चहाला बाजूला घेतात. "भिया, इथं पालिका हद्दीत पुरुषाला मुद्रांक शुल्क सात टक्के. पण घर फक्त बाईच्या नावावर असलं, तर 2021 पासून एक टक्का सूट." मग आवाज खाली आणतात. "पूर्ण स्टडी करून आम्ही तोच निर्णय घेतला."