दोन दप्तरांमधले मूल

न्यूयॉर्क, बॉस्टन आणि हार्टफर्ड या नगरांत १९०६ च्या सुमारास शालेय समाजकार्याचा पाया घातला गेला, तो शाळा आणि घर यांमधले अंतर कोणीतरी स्वतःच्या पायांनी तुडवावे म्हणून. आज त्याच अमेरिकेत शाळेतील समाजकार्यकर्ती आणि बाहेरचा मानसोपचारक एकाच मुलाच्या एकाच भयाचा परामर्श घेत असता, कार्यकर्तीच्या दाराशी १९७४ चा शैक्षणिक अभिलेखांचा कायदा आणि उपचारकाच्या दाराशी १९९६ चा आरोग्यविम्याचा कायदा, माहिती बाहेर जाऊ नये म्हणून, चोपदारासारखा उभा असतो. वस्तुतः पालकाची लेखी संमती दिसताच दोन्ही चोपदार अदबीने बाजूस होतात. परंतु ती मागण्याची तसदी प्रथम कोणी घ्यावी, हे प्रकरण दोन्ही दप्तरे परम सौजन्याने परस्परांकडे वर्ग करीत राहतात. तोवर भय दाटल्यास वर्गाबाहेर जावे, असे उपचारकाने मुलास शिकवलेले असते, आणि विनापरवाना वर्गाबाहेर गेल्याचा शेरा शाळेने त्याच्या नावे मारलेला असतो. खुलासा अर्थातच मुलाने करावयाचा; गुप्ततेचे बंधन नसलेला या व्यवहारातला तो एकटाच इसम! तेव्हा पालकहो, शाळा उघडताच दोन्हीकडच्या संमतिपत्रांवर सही करा, आणि काय कळवावे व काय कळवू नये, हेही त्यांतच लिहून द्या.