ऊठ, आयता!

एका संपादक मित्राला मी दर महिन्याला पाच ओळींचं टिपण देतो: महिन्याभरात आवडलेलं पुस्तक, चित्रपट, गाणं, पदार्थ आणि जागा. डिसेंबर २०२४ मध्ये त्याला कळवलं, "उशीर होईल, महिनाभर मुरुम आहे." त्यानं उलट टपाली एका मलमाचं नाव कळवलं. हे मुरुम चेहऱ्यावर नाही, धाराशिव जिल्ह्यातल्या उमरगा तालुक्यात येतं, कर्नाटकाच्या अगदी शेजारी, हे त्याला समजावण्यातच पहिली ओळ खर्ची पडली.

मुरुम हे माझ्या ताईचं सासर. भावजी मोटारसायकलवरून घसरले, पाय प्लास्टरमध्ये गेला, आणि येळवसेचा सण तोंडावर आलेला. "घरात एक धडधाकट पुरुषमाणूस पाहिजे," असं ताई फोनवर म्हणाली. तिच्यापुढे दुसरा पर्याय नसावा.

सोलापूरहून एसटी धरली. वाटेत नळदुर्ग लागलं. तिथल्या किल्ल्यात बोरी नदीवर बांध घालून बांधाच्या पोटातच पाणीमहाल काढलाय, आणि वरून उड्या घेणाऱ्या दोन धबधब्यांना नर-मादी म्हणतात. पावसाळ्यात त्यांचा संसार बघायला गर्दी लोटते. डिसेंबरात दोघांचा अबोला असतो. पुढे हैदराबादचा हायवे सोडून गाडी आत वळली. कंडक्टर मागून ओरडला, "पाव्हणं, कुठं जाऊ लालाव?" मला वाटलं, तो कुणा लालाजींना हाक मारतोय. इकडे 'जातोय'चं 'जाऊ लालो' होतं, हे शेजारच्या आजोबांनी समजावलं. "हितं समदेच लाला," ते म्हणाले.

पहिल्या दुपारी जेवून जरा आडवा झालो. ताईच्या सासूबाई दारात आल्या. सगळं घर त्यांना अव्वा म्हणतं. माझ्याकडे बघून गोड हसल्या आणि म्हणाल्या,

"ऊट आयता?"

मी ताडकन उठून बसलो. आल्या दिवशी आयता म्हणणं जरा जास्त होतं, पण खोटं नव्हतं. निमूट उठलो, आडाचं पाणी शेंदलं, अंगण झाडलं. रात्री जेवणानंतर पुन्हा, "ऊट आयता?" पुन्हा उठलो आणि भांडी घासायला बसलो. तीन दिवस हे चाललं. चौथ्या दिवशी मी गोठ्यात शेण भरताना ताईला सापडलो.

"हे काय करतोयस?"

"अव्वांनी सांगितलं."

मामला उलगडल्यावर ती हसून खाली बसली. ऊट म्हणजे कानडीत जेवण. आयता म्हणजे झालं का. बाई बिचाऱ्या दिवसातून दोनदा पाव्हण्याची विचारपूस करत होत्या.

"मग मी तीन दिवस राबत होतो ते तुला दिसलं नाही?"

"दिसलं की. म्हटलं, सुधारला असेल."

अव्वा देवाशी आणि सुनेशी कानडीत बोलतात, भाजीवाल्याशी मराठीत आणि पलीकडच्या शेजारणीशी दखनीत. १९४८च्या सप्टेंबरपर्यंत हा मुलूख निजामाचा होता. निजाम गेला, त्याची भाषा अंगणात राहिली. या तिन्ही भाषांचा मला झालेला त्रास एकच. मराठीत 'होय', दखनीत 'हौ', कानडीत 'हौदु'. होकार तिन्हीकडे जवळजवळ सारखाच ऐकू येतो. त्यामुळे ताटावर आडवा हात धरून "अहो..." एवढं म्हटलं तरी भाकरी पडते. खणखणीत नकार दखनीत आहे: 'नक्को'. तो मला तिसऱ्या आठवड्यात सापडला, तोवर पँट ढिली करून झाली होती.

पुस्तकाचं सांगतो. सहाशे पानांची एक कादंबरी नेली होती. सतराव्या पानावर असताना भावजींनी ती मागितली आणि प्लास्टरच्या पायाखाली घेतली. उंची अचूक जमली. पुढचा महिनाभर तिला कुणी हलवू दिलं नाही. एका पुस्तकाचा इतका थेट आधार झालेला मी दुसरीकडे पाहिला नाही.

पण महिना खरा येळवसेचा. मार्गशीर्षातली ही अमावास्या. शहाणी माणसं तिला वेळ अमावास्या म्हणतात. कर्नाटकात हीच एळ्ळ अमावास्या, एळ्ळु म्हणजे तीळ. २०२४ मध्ये ती ३० डिसेंबरला, सोमवारी आली. आदल्या रात्री ताईनं सांगितलं, "उद्या भज्जी." मी पुण्याचा माणूस, कांदाभजीच्या आशेनं झोपलो. अकरा वाजता उठवण्यात आलं. ओसरीवर गल्लीतल्या पाच-सहा बायका, मध्ये शेंगांचा ढीग. तूर, वाल, वाटाणा, ओला हरभरा. शेजारी मेथी, चुका, कांद्याची पात. हे सगळं शिजवून त्यात चिंच आणि डाळीचं पीठ पडतं आणि घट्ट, हिरवट-पिवळी, आंबटसर भज्जी तयार होते. तळण्याचा संबंध नाही. पहाटेपर्यंत सोललेल्या शेंगांनी माझी नखं काळी झाली, ती पुढे दहा दिवस पुण्यात मिरवली.

सकाळी रानात कोप करायची होती. कडब्याच्या पाच पेंढ्या उभ्या करून त्यांची टोकं वर बांधायची, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड मांडायचे, ते पांडव. भावजी बांधावर खुर्ची टाकून कुबडीनं दिशा दाखवत होते. माझी कोप पूर्वेला कलली. बराच वेळ तिच्याकडे बघून ते म्हणाले, "असू दे. पांडव वनवासातच होते."

आंबिलाची बिंदगी माझ्याकडे होती. ज्वारीचं पीठ ताकात आंबवून केलेलं हे पेय पोटाला थंडावा देतं. शर्टालाही देतं, टेम्पो बांधावर चढताना कळलं. उरलेलं आंबिल, बाजरीचे उंडे, भज्जी, धपाटे, गव्हाची खीर. शेजारच्या रानातून बोलावणं, त्याच्या शेजारून बोलावणं. चार कोपी झाल्यावर मी 'नक्को' वापरलं. वाढणाऱ्या मावशींनी अव्वांना विचारलं, "काय म्हणाले?" अव्वा म्हणाल्या, "हौदु."

अंधार पडता पडता पोरांनी कडब्याचे हेंडगे पेटवले आणि रानाभोवती पळत सुटली. ओरडत होती ते शब्द अर्धे कानडी, अर्धे देव जाणे. मी तीन जणांना अर्थ विचारला, चार मिळाले. माझं महिन्याचं गाणं तेच.

मित्राला टिपण दिलं. पुस्तक: पायाखाली. चित्रपट: नाही. पदार्थ: भज्जी. जागा: पूर्वेला कललेली. त्यानं ते छापलं नाही.

येळवसेला मुरुमला जायचं मनात असेल, तर आदल्या संध्याकाळी पोचा. जिल्ह्यात त्या दिवशी स्थानिक सुट्टी असते, अख्खं गाव रानात असतं, आणि स्टँडवर चहासुद्धा मिळेलच असं नाही.