हुंगा आणि निश्चिंत व्हा

डोंबिवलीच्या नाकाला फसवणं सोपं नाही. रात्री खिडकीतून आलेला वास एमआयडीसीच्या कुठल्या टोकाचा, हे इथली आजी अंथरुणातूनच सांगते. या शहराने 2014 साली हिरवा पाऊस पाहिला, 2020 साली गुलाबी रस्ता पाहिला. असं हे तरबेज नाक एका पुरचुंडीपुढे मात्र हात टेकतं.

पुरचुंडी तुमच्या ओळखीची आहे. कापूर, ओवा, लवंग आणि वर निलगिरीचे दोन थेंब. 2021 साली कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत ती प्राणवायू वाढवत होती; म्हणजे व्हॉट्सॲपवर वाढवत होती. लाट ओसरली, तरी पुरचुंडी काही निवृत्त झाली नाही. तिने रक्तदाब खात्यात बदली करून घेतली. ठाण्याच्या तलावपाळीवर सकाळी फेऱ्या मारणाऱ्या कुठल्याही घोळक्यात एक काका असतातच. "अहो, गोळ्या कसल्या घेता? सगळं केमिकल! हे हुंगा. नैसर्गिक आहे, अपाय काही नाही."

गंमत म्हणजे काका अगदीच खोटं बोलत नाहीत. लवंगेतलं युजेनॉल घ्या. ब्राझीलच्या सिआरा राज्यातल्या संशोधकांनी ते आणि अशी कित्येक सुगंधी तेलं उंदरांच्या शिरेत टोचून पाहिली. दाब उतरला, हृदयाचे ठोकेही मंदावले. रक्तवाहिनीच्या भिंतीतल्या स्नायूंत शिरणारं कॅल्शियम ही द्रव्यं अडवतात, स्नायू सैलावतात, वाहिनी रुंदावते. काकांनी कचऱ्यात टाकायला सांगितलेली रक्तदाबाची गोळी अ‍ॅम्लोडिपिन हेच काम करते. फक्त तिच्या पाकिटावर 5 मिलिग्रॅम असं छापलेलं असतं. पुरचुंडीवर काय छापणार? आणि काकांचा दाब उतरवायचा तर ती शिरेतून द्यावी लागेल, त्याला काका तयार आहेत का?

नुसतं हुंगून काय होतं, तेही मोजून झालंय. तैपेईत 100 तरुण, धडधाकट स्पा-कर्मचाऱ्यांना बर्गमॉट या लिंबाच्या भाऊबंदाच्या तेलाच्या वाफेत दोन तास बसवलं. पहिल्या तासाभरात दाब जरा उतरला. नंतर तोच चढू लागला, ठोकेही वाढले. वाफेबरोबर खोलीत काय साचत होतं? बाष्पशील सेंद्रिय संयुगं, म्हणजे व्हीओसी. होय, तेच व्हीओसी, ज्यांच्या नावाने आपण प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे अर्ज करतो. कारखान्याने सोडले तर मोर्चा, बेडरूममधल्या डिफ्युझरने सोडले तर ध्यानधारणा!

कापराची कारकीर्द तर आणखी भारी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हृदय थकलं की डॉक्टरच तेलात विरघळवलेल्या कापराची सुई टोचत. हेतू हृदयाला चेतवण्याचा. भरवशाचा गुण दिसेना, म्हणून डॉक्टरांनी ती सोडली. आता तोच कापूर दाब उतरवायला कामाला लावलाय. चढवायलाही तोच, उतरवायलाही तोच! बाकी पोटात गेला तर लहान मुलांना झटके आणण्याची ताकद त्याच्यात नक्की आहे. नैसर्गिकच ती.

वनस्पतींनी दाब उतरत नाही, असं कोण म्हणतंय? मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकिलांनी सर्पगंधेने तो उतरवून दाखवला. 50 रुग्णांना औषध दिलं, आकडे टिपले, 1949 साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये छापले. जगभरच्या डॉक्टरांनी कान टवकारले. 1952 साली त्या मुळीतून रिसर्पिन वेगळं काढलं गेलं. पुढे तिचे अवगुणही तितक्याच चोखपणे नोंदले गेले: मन खिन्न होतं आणि नाक चोंदतं. झाडपाल्याला याहून मोठा मान कुठला? त्याचं म्हणणं खरं मानून त्याची झडती घेतली.

काकांच्या एकाच वाक्यात मात्र औषध रक्तवाहिन्या हलवण्याइतकं जालीम असतं आणि अपाय न करण्याइतकं गरीबही. असं कसं चालेल? तेल खरंच दाब उतरवत असेल, तर गोळीच्या जोडीला त्याचीही मात्रा ठरवायला हवी, नाहीतर चक्कर येऊन आपटाल. उतरवत नसेल, तर ते अत्तर आहे. अत्तर जरूर लावा. गोळी बंद करू नका.

कायदाही आहे बरं का. औषधे व जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, 1954. रक्तदाब बरा करतो, हृदयविकार बरा करतो, अशी जाहिरात करायला त्यात बंदी आहे. पण काका काही विकत नाहीत, फुकट वाटतात. त्यांना कोण कलम लावणार? ऐकणाऱ्याला मात्र अतिदक्षता विभाग लागतो.