मुखड्यापुरते रसिक

कासारसाईच्या धरणावर शनिवार-रविवारी जी गर्दी होते, तिच्यात एक वाद हमखास ऐकू येतो. अजय-अतुल यांचं संगीत आता साचेबद्ध झालं आहे की नाही, हा तो वाद. हिंजवडीतून आलेली मुलं काठावर तंबू ठोकतात, शेगडी पेटवतात, गाडीचे चारही दरवाजे उघडे टाकून गाणी लावतात, आणि तासाभरात कुणीतरी म्हणतो, ‘काय राव, सगळी गाणी सारखीच झाली यांची.’ दुसरा चिडतो. मग दोघं रात्री उशिरापर्यंत भांडतात. हेच भांडण टपरीवर होतं, लग्नाच्या मांडवात होतं, साखर कारखान्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर ट्रॅक्टरची रांग थांबली की तिथेही होतं.

वाद व्हावा, याला माझी हरकत नाही. गावोगावची माणसं संगीतकाराबद्दल तावातावाने बोलतात हे चांगलंच आहे. माझी तक्रार वाद घालणाऱ्यांच्या ऐकण्याबद्दल आहे, आणि ती दोन्ही बाजूंबद्दल आहे.

आधी आरोप नीट मांडतो, कारण आरोप करणारेही तो नीट मांडत नाहीत. त्यांचं म्हणणं असं, की गाणं व्हायोलिनांच्या मोठ्या ताफ्याने उघडतं, मग सगळं क्षणभर थांबतं, मग हलगी किंवा ढोल कोसळतो, मागून कोरस येतो आणि शेवटाकडे अजय गोगावले यांचा आवाज वरच्या पट्टीत जाऊन फाटेल की काय असा ताणला जातो. एप्रिल 2016 मध्ये ‘सैराट’ आला, त्यातली चारही गाणी महाराष्ट्राने डोक्यावर घेतली, आणि तेव्हापासून ही मांडणी ठरून गेली. आरोपात तथ्य आहे. ते किती आहे, हे ठरवायला मात्र गाणं शेवटपर्यंत ऐकावं लागतं, आणि इथेच सगळं अडतं.

धरणावरच्या त्या गाडीत एकही गाणं पूर्ण होत नाही. मुखडा संपतो, पहिला म्युझिक पीस सुरू होतो, आणि मागच्या सीटवरून आवाज येतो, ‘पुढचं लाव.’ पुढचं लागतं. त्याचाही मुखडा संपतो. ‘याड लागलं’ची सुरुवात होते, ती विस्तारायच्या आत ‘झिंगाट’ येतं, ते रंगायच्या आत ‘चंद्रा’. मुखडे तर सारखे वाटणारच, कारण चित्रपटगीताचा मुखडा लक्षात राहण्यासाठीच बांधलेला असतो. संगीतकार निराळं काही करतो ते अंतऱ्यात, दोन अंतऱ्यांमधल्या वाद्यमेळात, आणि ध्रुवपदाकडे परत येताना. तो भाग कापून टाकायचा आणि उरलेल्या तुकड्यावरून ‘सगळं एकसारखं’ असा निकाल द्यायचा, हे मला पटत नाही. हा निकाल अर्ध्या मिनिटाच्या रीलवरून दिला जातो तेव्हा तर मला तिथे बसवत नाही.

दुसरा त्रास ‘पूर्वीचं ते राहिलं नाही’ म्हणणाऱ्यांचा. हे बहुधा माझ्या वयाचे असतात, त्यामुळे त्यांच्यापासून सुटका नाही. ते ‘जोगवा’चं नाव घेतात. घ्यावंच असं ते संगीत आहे. त्या चित्रपटाने 56व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत अजय-अतुल यांना संगीतदिग्दर्शनाचा मान मिळवून दिला आणि ‘जीव रंगला’साठी हरिहरन आणि श्रेया घोषाल या दोघांनाही पार्श्वगायनाचे पुरस्कार मिळाले. पण ‘जोगवा ऐका’ असा उपदेश करणाऱ्या आमच्या तात्यांना मी एकदा विचारलं, ‘तात्या, जीव रंगलाचा दुसरा अंतरा कुठून उचललाय, आठवतंय का?’ तात्या म्हणाले, ‘दुसरा अंतरा आहे का त्याला?’ ‘लल्लाटी भंडार’ तर त्यांना मिरवणुकीतलंच गाणं वाटत होतं. जोगतिणींच्या आयुष्यावरचा चित्रपट, त्यातलं ते आर्त मागणं, आणि ते गाणं तात्यांच्या लेखी नाचायचं. पूर्वीचं ज्याने अर्धंच ऐकलं, त्याने आताचं उणं आहे असं म्हणू नये.

आता ट्रॅक्टर. दिवाळीनंतर गळीत हंगाम सुरू झाला की कासारसाई-दारुंब्र्याच्या संत तुकाराम कारखान्याकडे उसाच्या ट्रॉल्या निघतात. ट्रॅक्टरवाल्यांचा टेप हा स्वतंत्र विषय आहे. रात्रभर जागायचं असतं, झोप लागली तर दोन ट्रॉल्यांसकट खड्ड्यात, म्हणून टेप मोठा लागतो, हे मला कळतं. त्यावर माझा राग नाही. राग याचा, की त्या टेपवर मूळ गाणं कधीच नसतं. असतं ते कुणीतरी ठोके वाढवलेलं, मधले व्हायोलिन काढून टाकलेलं, वेग चढवलेलं रूप. ‘सैराट’च्या गाण्यांसाठी हे दोघे भाऊ लॉस एंजेलिसला गेले, तिथल्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर पाश्चात्त्य वाद्यवृंद बसवून ध्वनिमुद्रण केलं. मराठी चित्रपटासाठी ही केवढी उडी होती! जुन्नर, शिरूर, राजगुरुनगर या आपल्याच जिल्ह्याच्या मुलखात वाढलेली, संगीताचं रीतसर शिक्षण न घेतलेली ही मुलं तिथल्या कसलेल्या वादकांसमोर स्वतःच्या कागदावरचं संगीत ठेवून उभी राहिली. त्या वाद्यवृंदातलं एकही व्हायोलिन आमच्या रस्त्यावर पोहोचलेलं नाही. पोहोचतो तो फक्त ठोका, आणि तेवढ्यावर लोक म्हणतात, यांच्याकडे ठोक्याशिवाय काही नाही.

‘साचा’ या शब्दाबद्दलही या वादात फार घाई होते. आमच्या मंदिरात भजन असतं. आधी रामकृष्णहरी, मग रूपाचा अभंग, शेवटी भैरवी. हा क्रम पिढ्यान् पिढ्या ठरलेला आहे. आजवर एकाही माळकऱ्याने ‘बुवा, तुमचं भजन साचेबद्ध झालं’ अशी तक्रार केलेली नाही, कारण सगळ्यांचं लक्ष बुवा आज त्या अभंगात काय करतात याकडे असतं. पुतण्याच्या कंपनीतला एक मुलगा जॅझ ऐकतो. तो मला सांगत होता, की जॅझच्या त्रिकुटातही पियानो, डबल बास आणि ड्रम एवढीच वाद्यं असतात, आधी मूळ चाल वाजते, मग एकेक जण तिच्यावर आपापला विस्तार करतो, मग पुन्हा मूळ चाल. कीथ जॅरेट, गॅरी पीकॉक आणि जॅक डिजॉनेट हे तिघे 1983 पासून 2014 पर्यंत मुख्यतः जुनीच, लोकांच्या ओळखीची गाणी अशी वाजवत राहिले. त्यांच्या चाहत्यांतही ‘आता नवं काही उरलं का’ असं भांडण होतं, असं तो म्हणाला. पण तिथे भांडणारे कुठल्या वर्षीच्या मैफलीत कुठल्या गाण्यात कोण काय वाजवून गेला, हे सांगून भांडतात. मला त्या लोकांचा हेवा वाटला.

आपल्याकडेही हे नवं नाही. ओ. पी. नय्यर यांच्या टांग्याच्या ठेक्यावर लोक असंच बोलत, आणि ‘नया दौर’ची गाणी 1957 पासून आजतागायत टिकून आहेत. लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्या ढोलकीवर बोलत. शंकर-एहसान-लॉय हे तर आपल्या काळातलं खरंखुरं त्रिकूट. त्यांच्याबद्दलही ‘दिल चाहता है’नंतर तेच ते असं म्हणणारे भेटतात, आणि त्याच तिघांनी 2015 मध्ये ‘कट्यार काळजात घुसली’ केला हे त्यांना आठवून द्यावं लागतं.

तथ्य कुठे आहे, तेही सांगतो. ‘जत्रा’मधलं ‘कोंबडी पळाली’ 2012 च्या ‘अग्निपथ’मध्ये ‘चिकनी चमेली’ झालं. ‘झिंगाट’ 2018 च्या ‘धडक’मध्ये हिंदीतून आलं. स्वतःचीच चाल पुन्हा वापरणं हा गुन्हा नाही, पण लोकांना तेच हवं आहे असं बाजाराने ठरवलं, आणि ते त्यांनी दिलं. वाद्यवृंदानंतर कोसळणारी हलगी ‘सैराट’मध्ये अंगावर काटा आणते, कारण ती आर्ची-परश्याच्या बेभान वयाची आहे. पुढच्या काही चित्रपटांत ती हलगी येते तेव्हा पडद्यावर तेवढं काही घडतच नसतं. ती नुसती मोठी वाटते. माझी खरी नाराजी या जागेवर आहे. मोठेपणाची सवय लागली की लहान, हळू, एकट्या आवाजाचं गाणं करायला धीर लागतो, आणि तो धीर या दोघांनी ‘नटरंग’च्या ‘खेळ मांडला’मध्ये दाखवला होता. तिथे एक माणूस देवाला जाब विचारतो आणि गाणं त्याच्याबरोबर हळूहळू चढतं, आधीच चढून बसत नाही. तसं गाणं त्यांच्याकडून पुन्हा मिळावं, असं मला मनापासून वाटतं.

पण ज्या ठिकाणी त्यांनी वाट बदलली, तिथे आपण कुठे होतो? ‘झीरो’मधलं ‘मेरे नाम तू’ 2018 चं. अभय जोधपूरकर गातो, हलगीचा मागमूस नाही. ‘तुंबाड’चं शीर्षकगीत त्याच वर्षीचं. ‘झुंड’ 2022 चा. वाद घालणाऱ्यांना मी ही नावं सांगतो तेव्हा ते म्हणतात, ‘ते काय वाजत नाही कुठं.’ वाजत नाही कारण कुणी लावत नाही. ‘महाराष्ट्र शाहीर’मधलं ‘बहरला हा मधुमास’ 2023 मध्ये घराघरांत गेलं, मला फार आनंद झाला होता. पुढे कळलं, की लोकांना त्यातल्या हातवाऱ्यांची तेवढी एक ओळ माहीत आहे. आमच्या आळीतल्या मुली ती सुंदर करतात. उरलेलं गाणं कसं आहे हे विचारल्यावर एकमेकींकडे बघतात. दोष मुलींचा नाही, त्यांच्यापर्यंत तेवढंच आलेलं असतं.

पुतण्याच्या हळदीला डीजे होता. सुरुवातीलाच नवरदेवाच्या मित्रांपैकी एक जण मला समजावत होता, ‘काका, अजय-अतुल संपले आता, नवीन काय येतच नाय.’ मी ऐकून घेतलं. अर्ध्या तासात त्यानेच ‘झिंगाट’ लावायला सांगितलं. थोड्या वेळाने पुन्हा सांगितलं. जेवणं झाल्यावर पुन्हा. प्रत्येक वेळी तेवढाच तुकडा, आणि प्रत्येक वेळी तो तितक्याच आनंदाने नाचला. मला त्याच्या नाचण्याचं काही वाटलं नाही. नवीन काही येत नाही म्हणणाऱ्यानेच रात्रभर तेच मागितलं, याचं वाटलं. संगीतकार तेच ते देतो की आपण तेच ते मागतो, हा प्रश्न मी त्याला विचारणार होतो, पण आवाजात काही ऐकू येण्यासारखं नव्हतं.

नंतर मी डीजेवाल्याकडे गेलो. मुलगा चांगला होता, ओळखीतला. म्हटलं, ‘बाळा, एकदा याड लागलं पूर्ण लाव. मधे कापू नको.’ त्याने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. त्यात अजय-अतुल यांच्या नावाचं फोल्डर होतं, आणि फोल्डरमध्ये सगळे तुकडे. ‘काका, अख्खं गाणं ठेवतच नाय मी. अंतरा लागला की पोरं बसतात.’ मी म्हटलं, बसू दे की. तो म्हणाला, ‘बसली की मालक ओरडतात.’ त्या रात्रीचे मालक म्हणजे माझा भाऊ. मी त्यालाही जाऊन विचारलं. त्याने हात जोडले, म्हणाला, ‘दादा, आज नको.’

तेव्हा यापुढे माझ्याशी हा वाद घालायला येणाऱ्याला मी एकच अट घालतो. एक जोडी निवडायची आणि दोन्ही गाणी सलग, पूर्ण ऐकून यायचं. माझ्याकडून जोडी ठरलेली आहे: 2010 च्या ‘नटरंग’मधली ‘वाजले की बारा’ आणि 2022 च्या ‘चंद्रमुखी’मधली ‘चंद्रा’. दोन्ही लावणीच्या अंगाच्या, दोन्ही गुरू ठाकूर यांच्या शब्दांच्या, एकीत बेला शेंडे, दुसरीत श्रेया घोषाल. माझं मत ‘वाजले की बारा’च्या बाजूने आहे. तिच्यात फडाचा वास आहे, ढोलकी गाणारीशी बोलते, आणि ‘चंद्रा’मध्ये वाद्यमेळ इतका भरगच्च आहे की ढोलकीला बोलायला जागा उरत नाही. पुतण्या म्हणतो, काका चुकतात, ‘चंद्रा’ फडाची नाहीच, ती दिवाणखान्यात मोठ्या लोकांसमोर गायल्यासारखी आहे, तिथे भरगच्चपणाच हवा. त्याने दोन्ही पूर्ण ऐकली आहेत. त्याच्याशी मी तीन रविवार भांडतो आहे, आणि अजून निकाल लागलेला नाही.