खोट्या प्रोसेसरचे खरे हट्ट

प्रोसेसर सिम्युलेटर म्हणजे प्रोसेसर असल्याची बतावणी करणारा प्रोग्राम. बेरीज-वजाबाकीपुरते सोंग छान वठते. मग आत चालणाऱ्या प्रोग्रामला फाइल उघडायची हुक्की येते आणि तो कर्नलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, हाक मारतो. कर्नल तिथे नसतोच. भातुकलीतल्या बाहुलीने एकाएकी खरा चहा मागावा, तसा हा प्रसंग.

जीडीबी डीबगरसोबत अनेक प्रोसेसरांचे सिम्युलेटर येतात. प्रत्येकाने वेगळी चूल मांडू नये म्हणून अशा हाका, म्हणजे सिस्टिम कॉल, हाताळणारा कोड ‘कॉमन’ नावाच्या फोल्डरमध्ये ठेवलेला आहे. चुली तरीही मांडल्या जातात, हा भाग निराळा.

नवा कॉल जोडणे वरवर किरकोळ काम: यादीत नाव, तक्त्यात क्रमांक, स्विचमध्ये एक केस. खरी मेहनत दुभाष्याची, कारण प्रत्येक जगाचे आकडे वेगळे. प्रोग्राम संपवणाऱ्या ‘एक्झिट’चा क्रमांक न्यूलिब या सी लायब्ररीच्या जगात १, चौसष्ट बिटी इंटेल लिनक्सवर ६०, रिस्क-फाइव्हवर ९३. निदान मरताना तरी एकमत व्हावे! फाइल उघडण्याचे झेंडे (फ्लॅग) त्याहून घातकी. न्यूलिबमध्ये ५१२ म्हणजे ‘फाइल नसेल तर तयार कर’. इंटेल लिनक्सवर तोच ५१२ म्हणजे ‘आहे ते सगळे पुसून टाक’. भाषांतर न करता आकडा पुढे ढकलला, तर आतला प्रोग्राम नवी फाइल मागतो आणि बाहेरच्या मालकाची, म्हणजे सिम्युलेटर चालवणाऱ्याची, जुनी फाइल धुऊन निघते.

माणुसकी दाखवायची तीही बेताने. एका वेळी उघड्या फाइलींसाठी जागा दहा. त्यातल्या पहिल्या तीन, म्हणजे कीबोर्ड-पडद्याच्या, प्रोग्रामने कितीही बंद केल्या, तरी मालकाचा पडदा बंद पडत नाही. तशी सोय मुद्दाम केलेली आहे. प्रोग्रामला मारणाऱ्या ‘किल’ कॉलची गंमत और. प्रोग्रामने स्वतःलाच मारायचे ठरवले आणि कोडने ती आज्ञा जशीच्या तशी पाळली, तर सिम्युलेटरही सोबत सती जाईल. म्हणून सामाईक कोड अशा वेळी हात झटकतो आणि प्रकरण त्या-त्या सिम्युलेटरकडे पाठवतो. सरकारी कचेरीलाही यात शिकण्यासारखे फारसे उरलेले नाही.

जो कॉल ओळखीचा नाही त्याला उत्तर ठरलेले: उणे एक, सोबत ‘ईनोसिस’, म्हणजे असे काही इथे मिळत नाही. नकार सभ्य आणि स्पष्ट आहे. पण पुष्कळ प्रोग्राम परत आलेले उत्तर तपासतच नाहीत, तसेच पुढे धावतात, भलतीकडे कोसळतात आणि तक्रार येते ती सिम्युलेटरच्या नावाने.