घोंगडं भिंतीवर कशाला?

"काकू, हॉलच्या भिंतीवर घोंगडं कसलं हो टांगलंय? खिडकीतनं दिसलं म्हणून विचारते."

"लेकाचं होम थिएटर गं! पाच स्पीकर आणि एक धुडूम करणारा डबा. पिक्चर लावला तर गडगडाट नुसता, कोण काय बोलतंय ते कळेना. लेक म्हणाला, स्पीकर बदलून आणतो. हे म्हणाले, थांब. यांचं निम्मं आयुष्य भावे नाट्यमंदिरात गेलं. तालमीला रिकामं थिएटर घुमतं आणि प्रयोगाला माणसं भरली की तोच आवाज स्वच्छ येतो, हे यांना पाठ. १८४३ पासून नाटकं बघणारं गाव आपलं, त्याच्या कानाला काय शिकवायचं?

"आपले हॉल बघ. गुळगुळीत फरशी, समोरासमोर कोऱ्या भिंती, एवढी मोठी काच. मिरजेच्या तंबोऱ्याच्या भोपळ्यासारखं सगळं घुमतं. भोपळ्याला ते शोभतं."

"आमचा भाचा अंड्याचे ट्रे चिकटवणार होता."

"पुठ्ठा तो! ट्रे काय नि थर्माकोल काय, काही उपयोग नाही. जाड, मऊ, आत हवा शिरेल असं पाहिजे. अमेरिकेत सबाईन म्हणून प्रोफेसर होता. हार्वर्डचा एक हॉल फार घुमायचा. १८९५ पासून हा गडी रात्री दुसऱ्या थिएटरातल्या गाद्या आणून मांडायचा, घुमणं किती सेकंद टिकतं ते मोजायचा आणि सकाळच्या आत गाद्या परत."

"दुसऱ्यांच्या गाद्या?"

"माझ्याकडं अशी बघू नकोस. घोंगडं आमचंच आहे, आटपाडीकडचं. जागा कशी काढली सांगू? लेक सोफ्यावर बसला, मी बाजूच्या भिंतीवरनं आरसा सरकवत गेले. जिथं त्याला आरशात स्पीकर दिसला, तिथं आवाज आपटून त्याच्या कानावर येतो. तिथंच घोंगडं. तेही दुहेरी, भिंतीपासून चार बोटं सोडून. चिकटवलं तर नुसता वरचा किणकिणाट जातो."

"आणि तो डबा?"

"त्याला घोंगडं पुरत नाही बाई. लेक म्हणतो, भिंतींत साडेअकरा फूट अंतर असलं की पन्नास हर्ट्झच्या आसपासचा सूर फुगतो. भिंतीलगत नको तितका, मधोमध जवळजवळ गुल. म्हणून डबा सोफ्यावर ठेवला आणि यांना हॉलभर रांगायला लावलं."

"काकांना?"

"तर! जिथं यांना धुडूम एकसारखं ऐकू आलं, तिथं डबा ठेवला. कोपऱ्यात होता तेव्हा सगळं घर हालायचं."

"पण काकू, रात्री आमची भांडी अजून वाजतात की हो."

"वाजणारच. घोंगड्यानं आतला आवाज सुधारतो, बाहेर जायचा थांबत नाही. त्याला जड भिंत लागते, दाराखिडक्यांच्या फटी बुजवाव्या लागतात."

"म्हणजे आम्ही ऐकायचंच?"

"नुसतं ऐकतेस कशाला, रविवारी बघायलाच ये. आणि येताना तुझी ती जाड सतरंजी आण, फरशी अजून उघडीच आहे."